सांदवाडीचा हिवाळा

मोजणीच्या दिवशी माय सांदवाडीत उभी होती. आलेल्या माणसाने घराच्या भिंती मोजल्या, छपराचे कवेलू पाहिले, विहिरीची खोली विचारली. मागच्या बाजूला येऊन त्याने लिंबाचं झाड लिहून घेतलं, मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, लिहून घेतलं. शेजारी मांडवावर पोपटाचा वेल होता. पोपट म्हणजे आमच्याकडचा वाल. जांभळ्या फुलांनी मांडव भरून गेला होता. मायने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हंगामी आहे ना बाई ते. हंगामी झाड यात लिहिता येत नाही," असं म्हणून तो पुढच्या घरी गेला.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं, आणि पुढे अनेक वर्षांनी त्याचा अर्थ मला वेगळाच लागला.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. घरात लहानथोर सगळे त्यांना मायच म्हणत. आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, पवनी तालुक्यात. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा मी माहेरी आठवीत होते. लग्न होऊन या काठावर आले तेव्हा गावात एकच विषय असायचा, उठायचं कधी? अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तेहतीस दारं, नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांना पाणी. हे सगळं ऐकत ऐकतच आमचा संसार चालला होता. गाव उठणार हे ठरलेलं आणि तारीख मात्र कुणालाच ठाऊक नाही, अशा गावात माणसं कशी जगतात ते मी पाहिलं आहे. घराची भिंत पडली तर तात्पुरती लिंपतात. आंब्याचं कलम कुणी लावत नाही, कारण फळं खायला आपण इथे असू की नाही याचा भरवसा नसतो. पण सांदवाडी? ती दर वर्षी लागायची. मेथीला महिनाभराचा भरवसा पुरतो, पोपटाला पाच-सहा महिन्यांचा. तेवढा भरवसा आमच्या गावाकडे शेवटपर्यंत होता.

सांदवाडी हा आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला शब्द. घराच्या मागे, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, कुंपणाच्या आत जी बोटभर बाग असते ती सांदवाडी. पुस्तकात तिला परसबाग म्हणतात.

२०११ च्या उन्हाळ्यात आम्ही नव्या गावठाणात राहायला आलो. ३७० चौरस मीटरचा भूखंड मिळाला, म्हणजे सुमारे चार हजार चौरस फूट. घर बांधून मागे चांगली ऐसपैस जागा उरली. जुन्या गावातल्या सांदवाडीहून ती मोठी होती. मी खूश झाले. पहिल्याच आठवड्यात कुदळ मारली आणि हाताला झिणझिण्या आल्या. दोन बोटांखाली मुरूम होता, लाल, खडकासारखा.

आमच्या भागात जमिनीला नावं आहेत. काळी, पाणी धरणारी ती कन्हार. तिच्या खालोखाल मोरांड. धानाच्या बांधीतली फिकट पिवळसर ती सिहार. आणि उंचावरची, खड्यांची, काही न देणारी ती बरडी. गावठाणं वसवायला उंच जागा लागते, पाणी चढणार नाही अशी. त्यामुळे नदीकाठच्या कन्हारीवरून आम्ही बरडीवर आलो. घरं वाचायची तर दुसरा मार्ग नव्हता, हे डोक्याला कळत होतं. हाताला कळायला वेळ लागला.

पहिल्या पावसाळ्यात मी भेंडी लावली, बरबटी, म्हणजे चवळी लावली, दोडका लावला. मुरमावर पाऊस पडला की पाणी घसरून जायचं आणि दोन दिवस उघडीप झाली की रोपं माना टाकायची. श्रावणात भेंडीचं झाड वीतभर होतं, त्याला करंगळीएवढी एक भेंडी. भाजी बाजारातून यायला लागली. जुन्या गावात मीठ, तेल, साखर यांचाच खर्च असायचा. इथे सांबारसुद्धा पैसे मोजून. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. त्या हिरव्या जुडीसाठी पहिल्यांदा पाच रुपये दिले, तेव्हा माझ्याहून जास्त मायचा चेहरा उतरला.

कोजागिरीनंतरची एक पहाट. दार उघडलं आणि अंगावर काटा आला. धरणाच्या पाण्याच्या बाजूने धुकं चढत होतं. माय अंगणात शेकोटीजवळ बसली होती. मी म्हटलं, "माय, या जागेत काही होत नाही. जमीनच आपली नाही."

ती हात शेकत म्हणाली, "जमीन नाई तं नाई पोरी. थंडी तं आपलीच हाये ना."

मला वाटलं, समजूत घालते आहे. पण ती शेतीचं बोलत होती.

मायचं माहेर मासेमार ढिवरांचं. पावसाळ्यात नदीत मासोळी आणि पाणी उतरलं की नदीच्या वाळूत डांगरवाडी. डांगर, टरबूज, काकडी. धरणाआधी वैनगंगेचं पात्र हिवाळ्यात उघडं पडायचं आणि मैलच्या मैल वाळू दिसायची. त्या वाळूत ही माणसं पीक घेत. वाळू म्हणजे काय, तर नुसते चकाकते कण. खत नाही, ओल टिकत नाही, वारा सुटला तर रोप गाडलं जातं. तिथे पीक घेणाऱ्या घरात मुरमाचं भय कुठून असणार? डांगरवाडीवाला सगळी जमीन सुधारायला जात नाही. हातभर खोल खड्डा करतो, त्यात शेणखत आणि काठावरचा गाळ भरतो, त्या खड्ड्यापुरतीच जमीन तयार करतो. वेल एका खड्ड्यात उभा राहतो आणि दहा हात वाळूवर पसरतो. आणि उत्तरेकडून येणारा गार वारा अडवायला प्रत्येक ओळीला गवताची झडप उभी करतो.

"सारी वाडी काहून खणून रायली?" माय म्हणाली. "खड्डे कर. खड्ड्यापुरती माती आपन घालू."

माझे मालक सबल, म्हणजे पहार, घेऊन आले. दोन दिवसांत आम्ही अकरा खड्डे केले, प्रत्येक हातभर खोल आणि दोन हात रुंद. जवळच्या तलावाचा गाळ बैलगाडीने आणला. गाडी दिराची होती, पैसे लागले नाहीत. मळणी झालेल्या घरून धानाची तणस, म्हणजे पेंढा, मिळाली. शेण घरच्या गाईचं. चुलीची राख, सांदीकोपऱ्यातला पालापाचोळा. खाली तणस, वर गाळ आणि शेण मिसळून. कुंपणाला बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या. त्या हिवाळ्यात रोख खर्च झाला तो बियाण्याच्या चार पाकिटांचा आणि एका झारीचा. बाकी बी मायच्या भोपळ्याच्या तुंब्यात होतं.

थंडी आपली आहे, याचा अर्थ मला त्या चार महिन्यांत उमगला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वाऱ्याने पानं कागदासारखी वाजतात. पावसाळ्यात तण, किडे आणि वाहून जाणारी माती. हिवाळ्यात मात्र ऊन सौम्य असतं आणि जमिनीतली ओल उडत नाही. उन्हाळ्यात जिथे सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल, तिथे एक दिवसाआड झारीभर पुरतं. किडींची पैदास मंदावते, म्हणून फवारणीचा खर्च नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, हिवाळ्यातल्या पालेभाज्यांना खोल माती लागत नाही. मेथी, सांबार, पालक यांचं वीतभर मातीत भागतं. वांग्याला आणि मुनग्याला मुळं खाली न्यायची असतात. आमच्याकडे वीतभरच माती होती आणि वीतभर मातीत होणारी पिकं नेमकी थंडीची होती. ज्याच्याकडे जमीन बेताची, पाणी बेताचं आणि पैसा नाहीच, त्याने वाडीची सुरुवात मृगावर करू नये, दसऱ्यानंतर करावी. हे मी आता दर वर्षी दहा घरी जाऊन सांगते. पहिल्या हंगामात हात रिकामा राहिला तर माणूस दुसऱ्यांदा कुदळ उचलत नाही.

अर्थात पहिल्याच वर्षी सगळं साधलं असं नाही. मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून अजून घातलं, तर आणखी पिवळी. माय खड्ड्यात हात घालून म्हणाली, तणस अजून कच्ची आहे. पुढे कृषी विभागाच्या एका प्रशिक्षणात त्यामागचं कारण कळलं. कोरडी तणस कुजवायला जिवाणूंना नत्र लागतो आणि तो ते मातीतूनच घेतात. तणस पुरती कुजेपर्यंत पिकाच्या वाट्याला नत्र उरत नाही. त्या वेळी आम्ही गोमूत्रात दहापट पाणी मिसळून मुळाशी दिलं आणि दहा-बारा दिवसांत मेथी सावरली. दुसऱ्या वर्षापासून खड्डे उन्हाळ्यातच खणून भरू लागलो. पावसाळाभर आत सगळं कुजत राहतं, दसऱ्याला उघडावं तर काळी, मोकळी, पावसाचा वास असलेली माती. दुसरी चूक कच्च्या शेणाची. ताजं शेण घातलेल्या दोन खड्ड्यांत उधई आणि हुमणी झाली आणि मिरचीची रोपं एकेक करून बसली. शेण मुरलेलं हवं. हाताला चिकटू नये, त्याला शेणाचा वास येऊ नये.

मुळ्याचंही तसंच. वरची माती संपली की मुळा मुरमाला टेकतो आणि त्याला फाटे फुटतात. आमच्याकडचा पहिला मुळा माणसाच्या दोन पायांसारखा निघाला. त्याचा पाला मात्र भरपूर होता, आम्ही पाल्याची भाजी केली, बेसन लावून. तेव्हापासून मुळा सर्वांत खोल खड्ड्यात.

हळूहळू एक वेळापत्रक बसत गेलं. पोपट पावसाळ्यातच टाकायचा, तो थंडीत फुलतो. टमाट्याची, म्हणजे आमच्या भेदरांची, आणि वांग्याची रोपं भाद्रपदात फुटक्या घमेल्यात तयार करायची. कोजागिरीच्या आसपास मेथी, पालक, सांबार, मुळा. सांबाराचं बी चपलेच्या तळव्याखाली हलकं रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचं, नाहीतर ते महिनाभर मातीत निजून राहतं. पेरलं की भोवती राखेची रेघ, मुंग्या बी ओढून नेतात म्हणून. मेथी सगळी एकाच दिवशी पेरायची नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक वाफा, म्हणजे एक कापून संपतो तोवर दुसरा तयार. पालक मुळासकट उपटायचा नाही, बाहेरची पानं खुडायची, तो मार्गशीर्षापासून माघापर्यंत देत राहतो. वाटाणा दिवाळीला. लसणाच्या पाकळ्या कडेकडेने, त्यांची पात हिवाळाभर आणि गड्डे होळीला. न्हाणीच्या पाण्याच्या तोंडाशी कर्दळ, तिच्यापुढे कोचई, म्हणजे अळू. साबणाचं पाणी कर्दळीतून जातं तेव्हा बरंचसं निवळतं, त्याच्यापुढे ते केळीला. पालेभाज्यांना ते पाणी मी घालत नाही.

पौषात ढगाळ दिवस आले की पोपटावर मावा येतो. शेंड्याला काळे, चिकट थर. पहाटे दव असताना राख उडवायची, ती चिकटून बसते. त्याने भागलं नाही तर निंबोळीचा अर्क. पावसाळ्याच्या तोंडावर लेकरं निंबोळ्या वेचतात, त्या वाळवून ठेवायच्या. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, कुटून, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून. कशालाही पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ, आणि तो देताना मला कधी ओझं वाटलं नाही. पहाटे साडेपाचला सांदवाडीत असते तेवढाच दिवसातला वेळ माझा असतो.

थंडी आपली असली तरी तिचा राग कसा असतो तेही पाहिलं. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी लाट आली. २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. आमच्याकडे पारा पाहायला यंत्र नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी वारा पूर्ण पडला होता, आभाळ निरभ्र होतं आणि माय म्हणाली, "आज रातभर पाला जरंल." आमच्या बोलीत जळंलचं जरंल होतं. एरवी थंडीत पाणी सकाळी द्यायचं असतं, पानं दिवसा कोरडी व्हावीत म्हणून. त्या संध्याकाळी मायने उलटं करायला लावलं. सगळ्या खड्ड्यांच्या मातीला पाणी दिलं, पानांना नाही. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडत राहते. उत्तरेच्या बाजूला तणशीच्या पेंढ्या उभ्या होत्याच. भेदरांवर जुनी लुगडी टाकली, खाली काठ्या देऊन, कापड पानाला टेकू नये अशी. सगळ्याला लुगडी पुरली नाहीत.

सकाळी उघड्या राहिलेल्या कोहळ्याच्या वेलाची पानं काळी, उकडल्यासारखी. मागे लावलेली बरबटी संपली. झाकलेली भेदरं वाचली, शेंडे तेवढे करपले. आणि मेथी, पालक, सांबार, वाटाणा, लसूण? त्यांच्यावर दवाचे थेंब गोठल्यासारखे दिसत होते, ऊन आल्यावर ती पुन्हा ताठ. त्या दिवशी मी वहीत दोन रकाने केले, थंडी सोसणारे आणि न सोसणारे. पाहिलं तर वेल बहुतेक सगळे दुसऱ्या रकान्यात. पण डांगराचं बी माय पौषात, तेही वाळूत टाकायची! विचारलं तर म्हणाली, बी टाकताना थंडी चालते, मातीच्या आत ऊब असते. कोंब वर येईतो झडप हवी आणि वेल पसरेतो माघ लागतो. वाळूतल्या माणसांनी थंडीशी असा करार केला होता.

मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेणं, तक्ते भरणं, गरोदर बायांना समजावणं हे माझं रोजचं काम. "हिरव्या भाज्या खा" हे वाक्य मी वर्षानुवर्षं बोलत आले. नव्या गावठाणात आल्यावर ते बोलताना माझी जीभ अडखळू लागली. जागतिक आरोग्य संघटना रोज माणशी किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो. मजुरीवर जाणाऱ्या घराने ते बाजारातून कसं आणावं? जुन्या गावात निम्मं तरी सांदवाडीतून यायचं आणि ते कुणाच्या हिशेबात नसायचं. गाव उठलं तेव्हा ताटातली ती हिरवी बाजूही गेली. त्याची नोंद कुठे झाली नाही, पण ती माझ्या तक्त्यांत मला दिसत होती. थकलेल्या बाया, फिकट डोळ्यांची लेकरं.

म्हणून माझ्या घरचे खड्डे साधल्यावर मी अंगणवाडीच्या मागे सहा खड्डे केले. २०१८ पासून सप्टेंबरमध्ये पोषण महिना होतो. भाषण आणि फळ्यावरचं चित्र यांच्याऐवजी मी बायांना खड्डा भरायला लावते. सप्टेंबर तसा उशिराच, पण मुरलेलं खत असेल तर कोजागिरीला पेरता येतं. सरकारच्या उमेद अभियानाच्या बचत गटांतून ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम आली तेव्हा गोल आखणीच्या वाफ्यांचं चित्र आलं. ज्यांच्या भूखंडावर बरी माती आहे त्यांनी तसे वाफे केले आणि ते छान झाले. मुरूम असलेल्यांना मी मायचे खड्डे दाखवले. चित्र चांगलंच असतं, पण सबल कुठे जाते ते आधी पाहावं लागतं.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगत आले आहे. एकट्या सांदवाडीने लेकराचं वजन वाढत नाही. त्याला डाळ हवी, तेल हवं, अंडं हवं. मेथी-पालकाने लोह मिळतं, पण ते अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळावं लागतं. भाजी ही ताटाची एक बाजू आहे. पण ती बाजू रिकामी असली की बाकीचं खाल्लेलंही नीट उपयोगी पडत नाही. आणि जिच्या हातात घराचा पैसा नसतो, त्या बाईच्या हातात निदान सांदवाडी असते. भाजी कोणती, किती, कुणाच्या ताटात आधी, हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. गरोदर सुनेला शेजारणीने स्वतःच्या खड्ड्यातली पालकाची जुडी गुपचूप आणून दिलेली मी पाहिली आहे. विकत आणलेली जुडी अशी देता येत नाही.

फुकट मिळतं ते सगळं घ्यावं असंही नाही, हे मला पाण्याने शिकवलं. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेत येते. ते सगळं धरणाच्या साठलेल्या पाण्यात येऊन थांबतं. त्यावर जलपर्णी पसरते, हिरवीगार, गादीसारखी. एका वर्षी मला वाटलं, एवढं आच्छादन फुकट पडलं आहे. आम्ही दोन खेपा आणल्या, वाळवून खड्ड्यांवर पसरली. ओल छान टिकली. नंतर प्रशिक्षणात ऐकलं की जलपर्णी घाण पाण्यातले जड धातू स्वतःत ओढून घेते. पाणी शुद्ध करायला तिचा हाच गुण कामी येतो आणि खायच्या भाजीखाली पसरायला हाच गुण नको. मी ती सगळी काढून कर्दळीच्या वाफ्यात टाकली. त्यानंतर आच्छादनाला धानाची तणस आणि सागाचा पाला. ज्या नदीच्या वाळूत मायने उघड्या हातांनी डांगर पिकवलं, त्या नदीतलं गवत पानाखाली घालायला भीती वाटावी, हे दुःख माझ्या मनातून जात नाही. नदीकाठी वाढलेल्या प्रत्येकाचं ते दुःख आहे.

माय गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिचा तुंबा माझ्याकडे आहे. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा, मानेजवळ भोक पाडून केलेला, चुलीवरच्या धुराने काळा झालेला. त्यात राखेत मिसळलेलं बी. पोपटाचं, कोहळ्याचं, दोडक्याचं, गावरान भेदरांचं. बी धरायचं ते मधल्या बहराचं. पहिलं फळ मोहाने खाल्लं जातं, शेवटचं किरटं असतं. मधलं एक जोमदार फळ वेलावरच पिकू द्यायचं, त्याला दोरा बांधून ठेवायचा म्हणजे कुणी तोडत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टीव्हीवर त्यांच्या घरातली बियाण्यांची मडकी दाखवली होती. माय टक लावून पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तं आपल्याच घरचं हाये." मला तिच्या आवाजात पहिल्यांदा अभिमान ऐकू आला. आयुष्यभर केलेल्या कामाला नाव आहे, मान आहे, हे तिला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी आमच्या ओळीत एक नवं जोडपं राहायला आलं. वाटणीत त्यांना मागचा रिकामा भूखंड मिळाला. सून नागपूरकडची, वाडीची सवय नाही. तिने कुदळ मारली आणि माझ्यासारखीच हात झटकत माझ्याकडे आली. "काकू, इथे काही होतं का हो?" मी तिला खड्डे दाखवले, सबल दिली, आणि तुंब्यातून मूठभर पोपट तिच्या ओंजळीत ओतला. बी मोजताना मला मोजणीचा तो दिवस आठवला.

त्या दिवशी कागदावर जे जे लिहिलं गेलं, ते सगळं पाण्याखाली राहिलं. भिंती, विहीर, लिंबाचं झाड, मुनगा. त्यांचे पैसे मिळाले आणि खर्चही झाले. जो वेल हंगामी म्हणून लिहिला गेला नाही, तो मात्र सोबत आला. हंगामी होता म्हणूनच आला. दर वर्षी बी होऊन आवळून बसायची आणि दर वर्षी नव्या जागी उगवायची सवय त्याला होतीच. आम्हाला ती त्याच्याकडून शिकावी लागली.

मार्गशीर्षात त्या नव्या सुनेच्या कुंपणावर जांभळी फुलं आली. सकाळी धुक्यात ती मला हाक मारून दाखवत होती. मी शाल गुंडाळून पलीकडे गेले, फुलं पाहिली, आणि खाली वाकून तिच्या खड्ड्यातली माती हातात घेतली. काळी, मोकळी झाली होती. "बी धरशील तं मधल्या बहराचं धर," मी म्हटलं आणि तिला एक दोरा दिला.